डबल ओ

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
माझं टेबल, माझं टाइपरायटर.
त्याचा ओ इतका धारदार
की दरवेळी कागदाला भोक पाडतो.
संध्याकाळी पदर झटकला
की कागदाच्या टिकल्या पडतात.

आज आले सायमन रणपिसे, खडकीचे,
वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. पिशवीत बाप्तिस्म्याचा दाखला:
जन्मगाव पी, डबल ओ, एन, ए.
पासपोर्टात मात्र पी, यू, एन, ई.
"नातीकडे जायचंय, ब्रिस्टलला.
तिथला साहेब विचारतो, ही गावं दोन का?
आणि दोन असली, तर मधे अंतर किती?"

मी म्हटलं, तीनशे रुपये. स्टँप वेगळा.

कागद चढेपर्यंत बोलत राहिले.
रेल्वेत रंगारी होते.
नाव बदललं त्या साली
स्टेशनच्या पिवळ्या पाटीला शिडी त्यांनीच लावली.
"आधी दोन्ही ओ झाकले.
एक हात, दुसरा हात, तिसरा,
तरी ऊन तिरपं झालं की आतून दोघं बघायचेच.
मुकादम म्हणाला, सायमन,
साहेब गेला, डोळे विसरून गेला."
मग जरा थांबून,
"मराठी ओळीला मात्र ब्रश लावावा लागला नाही बाई.
तिथं पुणे होतं, पुणेच राहिलं.
नुसती ओल्या फडक्यानं पुसली."

मी टाइप करत होते, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की,
आणि डोक्यात ओ.
आमच्यात कुणी हाक मारली की ओ द्यायची.
दिली नाही तर माणूस घरी नाही समजायचं,
किंवा आहे, पण रुसलंय.
त्या स्पेलिंगात गाव दोनदा ओ देत होतं,
परक्या हाकेला, अदबीनं, दीडशे वर्षं.
मग एक दिवस देईनासं झालं.
काही जुन्या पाट्या अजून देतात, सवयीनं.
त्यांना कुणी कळवलं नसेल,
किंवा कळवलंय, आणि पुण्याच्या पाट्या त्या,
ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

"आणि आता काय म्हणतात ठाऊक आहे?"
त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
"नातीची टीचर जून म्हणावं तसं म्हणते, प्यून.
शेवटचा ई त्यांच्याकडे मुका.
एवढा रंग चढवून काय झालं?
आख्खं गाव शिपाई झालं!"

तेवढ्यात खराच शिपाई दारात आला,
कुणाच्या तरी नावाचा तीनदा पुकारा केला.
आवारात स्कूटरी, वकील, वडापावचे कागद.
ओ कुणीच दिली नाही.

साहेबाला काय सांगायचं?
त्याच्याकडे गावाच्या पुढे इन लावा, टू लावा, फ्रॉम लावा,
नाव तसंच कोरडं उभं.
आमचं गाव विभक्ती लागली की हलतं:
पुण्यात, पुण्याला, पुण्याहून.
राहायला, परतायला, निघून जायलासुद्धा
मधे थोडं पुण्य लागतंच.
जमेचं की खर्चाचं,
ते शंभराच्या स्टँपवर मावत नाही.

मी एवढंच टाइप केलं,
की सदर दोन्ही नावं एकाच गावाची आहेत.
जुन्या नावाशी आले तेव्हा बोट हलकं केलं.
तरी भोकं पडलीच.

रणपिश्यांनी कागद उन्हात धरला.
त्यांच्या शर्टावर, खिशाच्या जरा वर,
दोन ठिपके उमटले.
"बघा," ते म्हणाले, "अजून बघतायत."
सही केली. पैसे मोजून दिले, दहा रुपये जास्त.
निघाले.

दाखल्याची पिशवी टेबलावरच राहिली.
ते फाटकापाशी पोचले होते, रिक्षांच्या गोंगाटात.
मी उठून हाक मारली, रणपिसे!

"ओ," ते म्हणाले, न वळता.
मग वळून, हात वर करून,
"ओ, आलो."