शहाण्णव मिनिटं

बॅलार्ड पिअरच्या फॉरेन पोस्टात
कस्टमवाल्यानं पाकीट कानाशी हलवलं. काय आहे?
म्हटलं, खून. एक. फ्रेंच.
तो हसला नाही.
पावतीवर लिहिलं: तबकडी, नग १.

माहीमला येऊन पडदे ओढले,
तरी समोरच्या डिसिल्वांच्या ट्यूबलाइटची
एक पट्टी भिंतीवर राहिलीच.

आमची जुनी प्रत हिरा पन्नातली, दीडशेची.
काळं असं नव्हतंच तिच्यात,
ओल्या कोळशाचा लगदा नुसता.
गोदीतल्या रात्रीत माणसं शिरायची
आणि चौकोन चौकोन होऊन बाहेर पडायची.
रक्त नारिंगी, पाणी जास्त झालेल्या सरबतासारखं.
त्रेचाळिसाव्या मिनिटाला इन्स्पेक्टर
जिन्यावर एक पाय उचलून थिजायचा.
मग शरयूताई उठायची, तबकडी काढायची,
माझ्या जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची,
गोल नाही, आतून बाहेर, सरळ,
मी शिकवलं होतं तसं.
(ताडदेवच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या रात्री धुतल्या आहेत.
काळं किती काळं असावं,
एवढं एक मला कळतं.)

ताई पार्ल्याच्या शाळेत फ्रेंच शिकवायची.
खालच्या इंग्रजी ओळींवर
वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायची काचेला.
"खोटं लिहितात मेले. मी सांगते."
आणि सांगायची, शेंगा सोलता सोलता,
खुन्याचं, बायकोचं, बारवाल्याचं, एकाच आवाजात.
शेवटी धक्क्यावर, बेड्या पडायच्या आधी,
खुनी काहीतरी पुटपुटतो.
ताई म्हणायची, तो म्हणतोय,
"किती उशीर केलात. जेवायचा थांबलोय मी."
दर वेळी आम्ही दोघं गप्प.
मग ती कुकर लावायला उठायची.

तिला जाऊन मे महिन्यात दोन वर्षं झाली.

ही नवी तबकडी, मूळ निगेटिव्हवरून केलेली.
कण आहेत. शपथेवर सांगतो, कण जागच्या जागी आहेत,
घासून घासून कुणी चेहरे मेणाचे केलेले नाहीत.
काळ्याच्या आत अजून एक काळं,
त्यात क्रेनचा दोर, दोराला गाठ.
इन्स्पेक्टरच्या कोटाचं तिसरं बटण
वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय.
कुणी शिवलं असेल, हे चित्रपटात नाही.
पंचेचाळिसाव्या मिनिटाला
तो जिना सरळ चढून गेला.
मी उगाच फडकं घेऊन उभा.

आणि आवाज.
सगळ्यांचेच उतरलेले, जवळजवळ अर्ध्या सुरानं.
जुनी प्रत तिकडच्या टीव्हीच्या हिशेबाची:
सेकंदाला चोविसाऐवजी पंचवीस चित्रं.
एकाच चित्राची घाई,
पण शहाण्णव मिनिटांचा गुन्हा
ब्याण्णव मिनिटांत उरकायचा.
मला ठाऊक होतं, धंदाच तो माझा.
ताईला बोललो नाही कधी.
तिला इन्स्पेक्टरचा तो बारीक आवाज आवडायचा,
म्हणायची, आपल्या दामलेमास्तरांसारखा.
आता तो घोगरा, दमलेला, कुणी परकाच माणूस
चार मिनिटं जास्त जगतो माझ्या खोलीत.

मग धक्का. पहाट. पाणी करडं, शिशासारखं,
लॅबमध्ये आम्हाला कधी जमलं नाही तसं.
खुनी वळतो, पुटपुटतो,
आणि खाली स्वच्छ पांढऱ्या अक्षरांत:
"काडेपेटी आहे का?"

काडेपेटी.

सतरा-अठरा वर्षं तिनं त्याला उपाशी ठेवलं,
नाहीतर जेवायला घातलं,
मला ठरवता येईना.

मागे नेलं. पुन्हा पाहिलं.
कपाटातल्या रद्दीतून पट्टी फाडली,
काचेला लावली, आणि तिसऱ्यांदा
फक्त ओठ पाहिले.
दिसतात आता. खालचा फाटलाय, मधोमध.
मला फ्रेंच येत नाही.
पण नुसती काडेपेटी मागायला
एवढा वेळ लागतो का माणसाला?