पेटी भरण्याआधी

कौहावा, जानेवारी. दुपारी तीनलाच दिवे लावलेत.
माझ्या स्वयंपाकघरात चौघं,
दाराशी त्यांचे ओले बूट.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
आमच्या थंडीत फुटत असावं.

"वा लाला पो," मी म्हणते. नीट झोपलात का?
उऱ्हो मान हलवतो आणि लगेच विहिरीवर येतो:
खोल किती, पंप कुठला.
थांब. बाहेर जा. पुन्हा दार वाजव.
आधी माझी झोप विचार,
मग गाईंची तब्येत, मग सुनेचा ताप.
विहीर कुठं पळून जात नाही.

ताईमीच्या यादीत शिलाई मशीन, क्विनीन,
काळ्या पावाचं आंबवण, फडक्यात वाळवलेलं.
लेम्पी विचारते, तिथं बर्फाला काय म्हणतात?
आठवून पाहते. एकवीस वर्षं राहिले,
तो शब्द कधी लागलाच नाही.
आर्वो गप्प. त्याचा कुत्रा पायरीशी बांधलाय,
उद्यापासून शेजाऱ्यांचा.
त्यावर माझ्याकडे धडा नाही.

शास्त्र तुम्हाला मिशननं शिकवलंय.
माझ्याकडे आहे ती एक चूक, ती घेऊन जा.
पहिल्याच आठवड्यात नांगुला आली,
उन्हातून, लाकडी वाडगं धरून, आंबट दुधाचं.
वर माशी.
मी हसून म्हटलं, पोट भरलंय.
तिनं बोटानं माशी काढली,
उभ्यानं सगळं प्याली, वाडगं झग्याला पुसलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. वाडगं पुन्हा भरलेलं.
सात दिवस माझं पोट भरलेलंच होतं.
आठव्या दिवशी ती आली नाही
आणि मी सकाळपासून दारात.
मला वाटलं होतं, द्यायला आम्ही आलोय.

तर हे घ्या.
जानेवारीत इथं माशी मिळत नाही,
म्हणून वर एक मनुका टाकलाय.

उऱ्हो ताईमीकडे बघतो. ताईमी वाडग्याकडे.
लेम्पी नाक मुरडते, मग माझ्याकडे बघून
मुरडलेलं सरळ करते.
आर्वो मनुका उचलून खातो,
दोन घोट घेतो,
आणि उरलेलं घेऊन मोज्यांवरच बाहेर जातो,
पायरीपाशी.

दार सताड उघडं. चूल थरथरते.
लाव म्हणून
कुणीच म्हणत नाही.