भिंतीच्या या बाजूची फुलं

माझ्याकडे काम एकच : लिंबं पिळायची.
बाकी सगळं नझीरा बघते.
साली ती आदल्या रात्रीच साखरेत चुरून ठेवते
तळहाताच्या जोरानं, कणीक तिंबावी तशी,
आणि सकाळी परातीतली साखर
ओल्या वाळूसारखी, पिवळी.

चाळीस वर्षं बत्रूनच्या बंदरात जाळी ओढली मी.
बोटांच्या चिरा काही भरल्या नाहीत.
लिंबाचा रस त्यांना एकेकीला नावानिशी ओळखतो.
मी विव्हळतो, ती म्हणते,
"फार दाबू नकोस, कडू उतरतं."
कडूचं तिला बरंच कळतं.

शेजारच्या मुंतहाशी ती अकरा वर्षं बोललेली नाही.
कारण, नारिंगाचं झाड.
बुंधा मुंतहाच्या अंगणात, फांद्या आमच्याकडे.
एप्रिलात फुलं गळतात, पांढरी, जाडसर,
आम्ही खाली चादर पसरतो.
"झाड माझं, तर फुलंही माझी," मुंतहा एकदा म्हणाली.
"मग त्यांना सांग, तुझ्याकडेच पडा," नझीरा म्हणाली.
एवढंच.
एवढ्यावर अकरा वर्षं.

अर्क आम्ही घरीच काढतो.
तांब्याचं भांडं तिच्या आईचं, सांध्यांना कणकेचा लेप,
दिवसभर थेंब, थेंब.
पहिली बाटली चर्चला, दुसरी पोटदुखीला,
उरलेल्या अर्काचा पाक, सरबतासाठी.

आज नातीला बघायला माणसं येणार, चौदाजण.
ऑगस्ट. वीज पहाटेच येऊन गेलेली.
फ्रीजमध्ये बर्फाच्या जागी कोमट पाण्याचे चौकोन.
नझीरा सरबत ढवळते, चाखते, पुन्हा ढवळते,
खिडकीतून मुंतहाच्या छपराकडे बघत नाही.
तिथे सोलरचे सहा पत्रे चमकतायत,
मुलानं माँट्रियलहून पैसे पाठवून बसवलेले.
"तू जा," ती म्हणते. "मी सांगितलं असं म्हणू नकोस."

मी सुरई घेऊन गेलो.
रिकाम्या हातानं बर्फ कसा मागायचा?
मुंतहानं पेलाभर ओतून घेतलं, उभ्याउभ्याच प्यायली.
मग डोळे मिटून थांबली.
मला वाटलं, आता झाड निघणार,
भिंत निघणार, तिच्या नवऱ्यानं भिंत बांधली ते साल निघणार.

तिनं बर्फाची पिशवी दिली.
वर एक बाटली, तुतीच्या पाकाची,
काळपट लाल, झाकणाभोवती मुंग्या.
"लिंबू बरं आहे," म्हणाली. "पण रंग नाही."

नझीरानं बाटली उजेडात धरली.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, रंग नाही."
"तिच्या तुतीत साखर कमी असते, पहिल्यापासून,"
असं म्हणत तिनं चौदा पेल्यांत
चमचा चमचा पाक सोडला.
तो तळाशी जाऊन बसला,
मग हळूहळू धागे वर आले.
कोणी ढवळलं नाही.

माणसं आली, प्यायली, मुलगा बरा आहे,
कान जरा मोठे.

रात्री मी साली गोळा करतोय, बोटं चुरचुरतायत.
नझीरा ती बाटली धुतेय.
बाटली केव्हाची स्वच्छ झालीय.
आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत,
आणि कपाटात अर्काची
एकच बाटली उरलीय.