दुसरा पाय

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली.
दोन कॉम्प्युटर, एक पंखा, आणि एसटीचं काम:
वाहकांना शिकवायला सहा मिनिटांची कार्टून फिल्म.

कंडक्टर मी गोल चेहऱ्याचा केला,
खाकी जरा उजळ,
हाताला चारच बोटं. वेळ वाचतो.
डबल बेल, की गाडी हलते.
चोवीस चित्रांत एक सेकंद संपतो.

तपासायला डेपोतून भूपाल मगदूम आले,
निवृत्तीला चार महिने राहिलेले.
चहा नको म्हणाले. मागं घ्या जरा.
अजून. अजून थोडं.
हितं थांबवा.

पायरीवर एक बाई, काखेत पिशवी.
'दुसरा पाय बघा तिचा. खालीच हाय की अजून.'

मी म्हणालो, अर्ध्या सेकंदाचा तर फरक.

'व्हय. तेवढाच हुता,' ते म्हणाले,
'कवठेमहांकाळच्या स्टँडवर.'

पंखा फिरत राहिला.
मग त्यांनी चहा मागून घेतला.

रात्री छत्तीस चित्रं वाढवली.
त्यांत फारसं काही घडत नाही:
दोरीशी एक हात थांबलेला,
आणि पिशवी सावरत
ती बाई दुसरा पाय उचलते.

त्या हाताला
पाचवं बोटही दिलं.