विहित कालावधी

झुवेना हमादी. फाईलवर नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय,
त्यातलं एक माझ्या हातचं, चुकीचं.
देश टांझानिया. बेट वेगळं, ते रकान्यात बसत नाही.
विषय : खाडीतल्या कालवांची वाढ.
विहित कालावधी : चोवीस महिने.
भत्ता दर महिन्याच्या सातला,
प्रगती समाधानकारक असेल तर.

समाधानकारक म्हणजे किती, ते परिपत्रकात आहे :
घेतलेल्या श्रेयांकांपैकी पाऊण तरी पदरात हवेत.
दुसऱ्या सत्रात तिच्या पदरात अर्धेच आले.
ताप. एकवीस दिवस सिव्हिलला,
उशाशी सांख्यिकीचं पुस्तक आणि फोडलेलं शहाळं.
भत्ता रोखल्याचं पत्र मीच टाइप केलं,
'आपणास कळविण्यात येते की'.
तिने ते उभ्यानेच वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत,
आणि विचारलं, ताई, 'कळविण्यात येते' म्हणजे
कोण कळवतं?

सांगायला सोपं होतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिने भाट्याच्या खाडीत
शिंपल्यांच्या माळा सोडल्या, बांबूला, नायलॉनच्या दोरीने.
कालवाचं बीज पाण्यात हिंडतं, मग कुठेतरी चिकटतं.
एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच.
कधी चिकटायचं ते मात्र त्याचं तेच ठरवतं.
त्या साली पाऊस दिवाळी ओलांडून रेंगाळला,
खाडीचं पाणी गोडंच राहिलं, माळा कोऱ्या राहिल्या.
अहवालाची तारीख खारं की गोडं विचारत नाही.

एका शनिवारी मी गेले तिच्याबरोबर.
अष्टमी होती. पाणी धड चढेना, धड उतरेना.
म्हटलं, हा भांग. आमचे बाबा भांगाला होडी काढायचेच नाहीत,
दारात बसून फाटलेलं जाळं विणायचे.
ती म्हणाली, आमच्याकडे ह्याला मेलेलं पाणी म्हणतात.
मग?
मग काय, चार दिवसांनी उठतं.

मुदतवाढीच्या अर्जात कारणाला दीड ओळ आहे.
तिने पेन्सिलीने लिहिलं : बीज उशिरा धरलं.
पावसकर सर म्हणाले, असं चालत नाही,
'अपरिहार्य नैसर्गिक परिस्थिती' घाला.
घातलं. दीड ओळ भरली.
खालची पेन्सिल मी नीट खोडली नाही.

दिल्लीहून विचारणा : परिस्थितीचा खुलासा करावा.
खुलासा केला. सोबत पर्जन्याचा तक्ता, सिव्हिलचा कागद,
माळांचे सात फोटो, सहा कोरे,
सातव्यात नखाएवढं काहीतरी.
रोज दुपारी ती माझ्या टेबलाकडे यायची,
विचारायची काहीच नाही, पंख्याखाली उभी राहायची.
तिची मेसची उधारी मला माहीत होती.
साखरकरीण लिहायची वहीत, पण तारीख घालायची नाही.

माझी एटीकेटी शहाण्णव सालची. वनस्पतिशास्त्र, पेपर दोन.
मी मुदत मागितली नाही, कुणी दिली नाही.
लग्न ठरलं होतं,
तेही विहित कालावधीत.

काल पत्र आलं. चार महिने. भत्त्याविना.
व्हिसा तेवढाच. यापुढे विचार केला जाणार नाही.
फोन लावला तेव्हा ती गुडघाभर चिखलात होती,
सुकतीची वेळ, मागे कावळ्यांचा गलका.
चार? म्हणाली. थांब ताई, हातात माप आहे.
लिहून घेशील?
आणि आकडे सांगत गेली,
मी त्याच पत्राच्या पाठीवर लिहीत गेले :
एकतीस मिलिमीटर, चौतीस, एकोणतीस,
हे मेलंय, हे धरू नकोस,
छत्तीस.