लाइन क्लिअर

आशाताई ज्योत्स्ना भोई फॉर्म घेऊन आली
पारोळ्याच्या उन्हातून, डोक्यावर ओला रुमाल.
पहिलाच प्रश्न, ‘बाबा, वरीसभरमा कधी पडनात का?’
‘मी कसाले पडसू वं,’ म्हणालो.
तिने ‘नाही’वर खूण केली.

एकतीस वर्षं मी खांबावर होतो.
सुकलाल भटू बडगुजर, वायरमन.
वावटळीत चढलो. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून,
हाताला वरणबट्टीचं तूप तसंच, चढलो.
नाही पडलो.
खाली माणसं जमायची तोंडं वर करून,
पडला तर दिसेल तरी, अशी.
चढण्याआधी एकच नियम: लाइन क्लिअर.
सबस्टेशनला विचारायचं, वहीत नंबर टिपायचा,
मगच पहिला पाय.

घरात कोण कोणाला विचारतं?

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
आणि येतो तो रात्री, दोनच्या पुढे.
आधी नुसती हवा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी.
ती ऐकली की मी उठतो. ताडकन उठलो.
झोपेची अर्धी गोळी अजून अंगात,
रक्तदाबाची अख्खी.
पाय साखरेने बधिर, फरशी ओली आहे हे
त्यांना कळतं, पण पोस्टाने.
पॅसेजमध्ये सात पिंपं, मधून वाट एका माणसाची,
त्यात मुलाने बसवलेली चकचकीत फरशी.
‘तोंड दिसतं बाबा हिच्यात.’
दिसलं. फार जवळून.

पॅसेजचा बल्ब पोळ्यापासून गेलेला.
सतरा गावं होती माझ्याकडे उजेडाची.

हाक मारता आली असती.
शेजारी हिरालाल वाणी जागाच होता,
त्याच्या बादल्या वाजत होत्या.
पण रात्री हाक, सकाळी गल्ली, दुपारी सुरत.
मग मुलाचा चौथा मजला, बाल्कनीला जाळी,
आणि दिवसभर समोरच्या साड्यांच्या गोदामाचं शटर.
म्हणून गप्प.
पाणी पिंप भरून माझ्या पाठीखालून गटारीला चाललेलं.
खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं ते पाण्याचं.

उजाडता उजाडता खाटेचा पाय सापडला.
तेव्हापासून पूर्ण बाहीचा शर्ट.
वैशाखात.

ज्योत्स्नाने बाहीकडे पाहिलं.
फॉर्म उलटा ठेवला.
मोरीपुढचं पायपुसणं गुंडाळून अंगणात फेकलं,
माझ्या चपला पालथ्या केल्या, तळ पाहिले,
नाण्यावरचा छाप गेल्यासारखे.
‘नवा बल्ब शे का घरमा?’
‘तांदळाच्या डब्यात. पण मी चढतो.’
तिने काही न बोलता स्टूल ओढलं, पदर खोचला.

मी मेन स्विच पाडला. परत जाऊन पाहिला.
मग मोठ्याने म्हणालो, कितीतरी वर्षांनी,
‘लाइन क्लिअर!
चढ तू. मी धरेल शे.’
स्टुलाचा एक पाय आखूड.
थरथर त्याची होती की माझी, सांगता येत नाही.

स्विच वर केला.
भर दुपारी पॅसेजला रात्रीचा उजेड.
त्यात पिंपं दिसली, क्षाराचे पांढरे ओघळ दिसले,
आणि भिंतीवर, कमरेच्या जरा वर,
हाताचे मळके ठसे,
खाटेपासून मोरीपर्यंत, एकापुढे एक, पावलांसारखे.
मला वाटायचं मी सरळ चालतो.

ती उतरली. हात झटकले.
फॉर्म सुलटा केला, ‘नाही’वर काट मारली.
‘कितला येळ, बाबा?’
मी भिंतीकडे बघत राहिलो.
‘दिवाळीना आगोदर एक शे,’ म्हणालो,
‘पण तवय खाटवरच पडनू व्हतू.
तो बी धराना का?’