मैदान आखणारा

बुधवारी जिममध्ये खुर्च्या मीच मांडल्या,
एकीपासून दुसरी सहा फुटांवर.
टेप तीच, मैदान आखायची.

पालक आले, मास्क नाकाखाली.
कीगनची आई म्हणाली, त्याचं हे शेवटचं वर्ष,
स्कॉलरशिप काय वाट बघत बसणार आहे?
डॉक्टर टॉलेफसनबाई नुसता आकडा बोलल्या:
काउंटीत व्हेंटिलेटर दोन.
मग बराच वेळ हीटरच घरघरत होता.

चार विरुद्ध तीन. खेळायचं.

आर्डिसला कुणी विचारलं नाही.
एकाहत्तर वर्षांची. बाहेरगावच्या सामन्यांना बस तीच नेते,
डकोटाच्या थंडीत खिडक्या उघड्या, गुडघ्यांवर घोंगडी,
आणि मागे चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात.
मीही विचारलं नाही. मला मत नव्हतं,
चुन्याची गाडी होती.

खरं सांगू? आखताना बरं वाटलं.
एप्रिलपासून हे गवत कुणासाठी कापत होतो, देव जाणे.
कीगन कुंपणापलीकडे उभा, हेल्मेट काखेत,
ओली रेघ वाळायची वाट बघत.
उन्हाळाभर पोरगं धान्याच्या कोठाराशी
एकटंच चेंडू फेकत होतं.
लंबगोल चेंडू तो,
भिंतीवरून भलतीकडेच उडायचा,
आणि हा पळायचा.

दोन सामने झाले. एक जिंकलो.
तिसऱ्याच्या सकाळी बस जागची हलली नाही.
किल्ल्या माझ्याकडे आल्या,
तिच्या लाकडी बदकासकट.

मैदान अजून आखलेलं आहे.
पुसायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.